सहावा लॅपटॉप

सहाही लॅपटॉप सुनिल्दा आयालानं स्वतः निवडले होते. सिउदाद देल एस्ते शहराच्या बाजारात दिवसभर पाय मोडेस्तोवर फिरून तिनं ते घेतले, आणि येताना बसवाल्याला ते टपावर टाकू दिले नाहीत. दोन मांडीवर, दोन बाजूच्या सीटवर, दोन पायांत धरून ती आपल्या गावी, विय्यारिकाला पोचली. न्या ओब्दुलिया दारातच उभी होती. म्हणाली, "बाई गं, सहा पोरांचं बाळंतपण एकटीनं उरकून आलीस की काय!"

'न्या' म्हणजे मानाचं 'बाई'; न्या ओब्दुलिया सत्तरीची. उभा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेलेला. फाटलेल्या भुवया, मोडलेली मनगटं, "पायरीवरून पडले" असं सांगणाऱ्या बायका यांची मलमपट्टी करून करून ती कंटाळली होती. निवृत्त झाल्यावर तिनं आपल्याच घरात हे काम मांडलं. बाहेर पाटी शिवणवर्गाची. आत घर सोडून आलेल्या बायकांसाठी खोली, वकील, कोर्टाची कागदपत्रं, आणि पुढे दूर कुठेतरी राहायला जागा. कोणती बाई कुठे ठेवलीय हे तिघींनाच माहीत असायचं. एक ओब्दुलिया, दुसरी कोर्टकचेऱ्या करणारी ब्लासिदा, आणि तिसरी सुनिल्दा.

सुनिल्दानं पंधरा वर्षं शाळेत संगणक शिकवला होता, म्हणून सगळ्या तिला 'प्रोफे' म्हणत. तिकडची सवय इकडेही आली होती. पासवर्ड कुठे लिहायचा नाही. पत्ते फोनवर बोलायचे नाहीत. कोर्टाच्या कामाला परगावी जाताना फोन घरातून निघतानाच बंद करायचा आणि परत आल्यावरच उघडायचा, म्हणजे कोणाला माग काढता येणार नाही. हे नियम तिचेच, आणि ते मोडले की तिची जीभ चांगली चालायची.

लॅपटॉप येऊन तीन आठवडे झाले असतील. ब्लासिदा कुरकुरायला लागली.

"प्रोफे, या मशीनमध्ये काहीतरी आहे. मी इस्पितळाचं पान उघडलं, तर मधोमध कढयांची जाहिरात."

"नको तिथे बोट लावलं असशील."

"मी? कढईला?"

"कढईला नाही, भलत्या खिडकीला. दिसलं की दाबायची सवय आहे तुला."

दुसऱ्यांदा कोर्टाच्या पानावर गाद्या आल्या, तिसऱ्यांदा केस काळे करायचं तेल. तिन्ही वेळा सुनिल्दानं तेच उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी ब्लासिदा म्हणाली, "तुझ्या वर्गातली पोरं तुला कशी सहन करायची गं?" आणि विषय तिथेच राहिला.

त्या गुरुवारी ब्लासिदा सकाळच्या पहिल्या बसनं कासापाला गेली. नवऱ्याला सोडून आलेल्या मार्सियानाच्या संरक्षणाच्या अर्जाचं काम होतं. सहावा लॅपटॉप तिच्या पिशवीत होता. सुनिल्दा थंड पाण्याचा थर्मास आणि तेरेरे या गार चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉपवर ईमेलचं टपाल बघायला बसली. मार्सियानाचंच पत्र होतं. ती आणि तिची सात वर्षांची पेर्ला दोन महिन्यांपासून ओव्हिएदो गावात एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे मागच्या खोलीत राहत होत्या. पत्रात लिहिलं होतं, 'पोरीला शाळा आवडली. मशीनवर आता माझा हात बसलाय. फक्त तिचे बूट घट्ट झालेत, तीस नंबरचे कोणाकडे असले तर बघा.'

आणि पत्राच्या उजव्या बाजूला मुलींच्या बुटांची जाहिरात होती. लाल, पांढरे, चकाकणारे.

सुनिल्दानं पेला खाली ठेवला. ही टपालपेटी त्यांनी मुद्दाम पदरचे पैसे भरून घेतली होती. तिच्यात जाहिराती येत नसत, कधीच आल्या नव्हत्या. मग बूट कुठून आले? ज्यानं हे बूट दाखवले त्यानं मार्सियानाचं पत्र वाचलं होतं.

पानाच्या वर ते छोटं कुलूप होतं. वर्गात ती पोरांना सांगायची, कुलूप दिसलं की निर्धास्त राहा. तिनं कुलपावर टिचकी मारली आणि या कुलपाची हमी कोणी दिलीय ते पाहिलं. तिथे हमी देणाऱ्या एखाद्या नावाजलेल्या संस्थेचं नाव हवं होतं. तिथे लिहिलं होतं, 'ओफेर्तिन'.

ओफेर्तिन! पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडला तेव्हा कोपऱ्यात हा एक छोटा हसरा पोपट दिसला होता. 'तुमच्यासाठी स्वस्त खरेदी शोधतो' म्हणत होता. मशीनबरोबर फुकट आलेला प्रोग्राम. तिनं पोपटाची खिडकी बंद केली आणि विसरून गेली.

आता तिनं लॅपटॉपला हात लावला नाही. आपला फोन काढला आणि त्यावर शोधायला लागली. जसजशी वाचत गेली तसतसे तिचे कान तापत गेले. हा पोपट मधल्या टपालवाल्यासारखा होता. येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट उघडायचा, वाचायचा, नव्या पाकिटात घालून वर स्वतःचा शिक्का मारायचा. आणि हा शिक्का खरा मान, असं मशीनला आधीच बजावून ठेवलेलं, म्हणून कुलूप जागच्या जागी दिसायचं. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शिक्का उठवायचा ठसा सगळ्या मशीनमध्ये एकच होता, आणि तीन दिवसांपूर्वी कोणीतरी तो ठसा बाहेर काढून त्याचा परवलीचा शब्द सगळ्या जगाला वाचता येईल असा मांडून ठेवला होता. म्हणजे आता ज्याला थोडीफार अक्कल आहे असा कोणीही, त्याच वायफायवर बसून, तो शिक्का मारू शकत होता.

"न्या ओब्दुलिया!" तिनं हाक मारली. "सगळे लॅपटॉप आणा. बंद करून आणा. उघडू नका कोणी!"

"आग लागली की काय?"

"तसंच समजा."

पाच लॅपटॉप टेबलावर रांगेत लागले. सुनिल्दानं घरचं वायफाय बंद केलं आणि एकेकातून पोपट काढायला घेतला. प्रोग्रामच्या यादीत तो होता, काढायची सोयही होती. 'खरंच जाऊ का? तुमची बचत बुडेल' असं त्यानं दोनदा विचारलं. "जा मेल्या," ती म्हणाली. पाचव्यातून तो गेला. तिनं फोनवरून जोडणी घेऊन मार्सियानाचं पत्र पुन्हा उघडून पाहिलं. बूट नव्हते.

"झालं?" न्या ओब्दुलियानं विचारलं.

"झालं."

"मग बस जरा. उभी का?"

सुनिल्दाला बसवेना. ती खिडकीपर्यंत गेली, परत आली, थर्मासचं झाकण उघडून पुन्हा लावलं. काहीतरी राहिलं होतं. तिनं फोनवरचं ते पान परत काढलं आणि घाईत सोडलेला खालचा भाग वाचला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की प्रोग्राम गेला तरी शिक्का जात नाही. मशीनकडे विश्वासू शिक्क्यांची एक यादी असते. पोपट उडाला तरी त्याचं नाव त्या यादीत तसंच राहतं.

तिनं ती यादी उघडली. लांबलचक, परक्या नावांची. 'ओ'पाशी आली. होतं. ओफेर्तिन, तीस वर्षांच्या मुदतीचा.

पाचही मशीनमधून तिनं तो खोडला. तरी तिची खात्री पटेना. त्यांच्या लॅपटॉपांवर इंटरनेट बघायचे दोन ब्राउझर होते, आणि त्यातला एक आपली यादी वेगळी ठेवतो हे तिला वर्गात शिकवल्याचं आठवलं. तिथेही पोपट बसला होता. तिथूनही काढला. मग कुठे तिनं हात खाली घेतले, टेबलाकडे बघितलं आणि पाच मोजले.

"सहावा," ती म्हणाली.

"ब्लासिदाकडे आहे की," न्या ओब्दुलिया म्हणाली. "कासापाला."

मार्सियानाचा नवरा सेफेरिनो कासापाचाच होता. अर्ध्या गावात त्यानं इंटरनेटच्या तारा ओढल्या होत्या. दुकानं, दवाखाने, खानावळी, सगळीकडे त्याचे डबे. बायकोच्या फोनमध्ये काय आहे ते त्याला तिच्याआधी कळायचं. ती निघून गेल्यावर त्यानं बावन्न निरोप पाठवले होते, आणि प्रत्येकाचा शेवट 'मी शोधीन' असा होता. सगळे निरोप फायलीत लावून ठेवले होते सुनिल्दानंच.

तिनं ब्लासिदाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"तो संध्याकाळपर्यंत बंदच राहणार," न्या ओब्दुलिया हळू आवाजात म्हणाली. "तुझाच नियम."

"माहितेय मला!" सुनिल्दा ओरडली, आणि लगेच, "माफ करा." वकिलाला लावला, तो सुनावणीत होता. कोर्टाच्या कचेरीत लावला, घंटा वाजून वाजून थांबली. तिनं टपालपेटीचा पासवर्ड फोनवरून बदलला आणि घरातल्या चपलांवरच ती स्वयंपाकघरातून रस्त्यावर आली.

कासापाची बस भरलेली होती आणि वाटेत दर दोन मैलांवर थांबत होती. चिपा पाव विकणारी बाई टोपली डोक्यावर धरून चढली, कोणीतरी सुटे मोडून मागितले, चालकानं बस चालू ठेवून तिच्याशी गप्पा मारल्या. सुनिल्दाला वाटलं उठून स्वतःच चाक हातात घ्यावं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पोरी, तू पाय हलवल्यानं बस पळणार नाही." तिनं पाय थांबवला.

ब्लासिदा कोर्टासमोरच्या खानावळीत बसली होती. सूप संपत आलं होतं. समोर लॅपटॉप उघडा. सुनिल्दा आत शिरली आणि सरळ तिनं झाकण मिटलं.

"अगं! माझं बोट!"

"पत्र उघडलंस?"

"काय झालंय? तू इथे कशी?"

"ब्लासिदा, पत्र उघडलंस का?"

"उघडलं ना. सकाळीच, इथे आल्या आल्या. वकिलाला मार्सियानाचा आताचा पत्ता हवा होता, सरकारी नोटीस तिथे यायला हवी म्हणून. मी फायलीतून पाठवला. नंतर पासवर्ड चालेना झाला, म्हटलं माझंच काही..." ती थांबली. "काय केलं मी?"

सुनिल्दा खुर्चीत बसली. पोपटाचं सगळं तिनं थोडक्यात सांगितलं. सांगताना तिची नजर भिंतीवर गेली. वायफायचा पांढरा डबा, त्याच्यावर बिघाड झाल्यास कुठे कळवायचं त्याचा कागद. नाव नव्हतं, फक्त नंबर होता. तो नंबर तिला पाठ होता. बावन्न वेळा फायलीला लावलेला.

खानावळवाली भांडी उचलायला आली.

"न्या, हे वायफाय कोण बघतं तुमचं?" सुनिल्दानं जमेल तितक्या शांतपणे विचारलं.

"सेफेरिनो. चांगला आहे हो बिचारा. बायको पळून गेली त्याची. रोज येतो, त्या कोपऱ्यात बसून आपलं मशीन चाळत असतो. आजही होता की. म्हणाला, जोडणी संथ चालतेय, बघतो."

"कधी गेला?"

"आत्ताच, ह्या ताईंनी सूप मागवलं त्याच्या आसपास."

दोघी बाहेर आल्या. मग ब्लासिदा वळली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज भांडणाचा होता.

"तीन वेळा सांगितलं होतं तुला. तीन वेळा! कढया, गाद्या, तेल. तू मलाच वेड्यात काढलंस."

"हो."

"हो काय? तू नेहमी बरोबर असतेस ना?"

"या वेळी नव्हते. ब्लासिदा, मला नंतर हवं तेवढं बोल. आधी ओव्हिएदो."

त्यानं वाचलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. कदाचित त्याला त्या ठशाचा पत्ताही नसेल. कदाचित तो खरंच जोडणीच बघत असेल. सुनिल्दा परतीच्या बसमध्ये हाच हिशोब घालत राहिली आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबली. नाही वाचलं असं धरून चालण्याचा हक्क तिला नव्हता.

तिनं शिवणवाल्या बाईला फोन करून सांगितलं, दार लावा, पेर्लाला शाळेतून तुम्ही आणा, मार्सियानाला बाहेर पाठवू नका. न्या ओब्दुलिया आपली जुनी पिकअप घेऊन विय्यारिकाच्या नाक्यावर येऊन थांबली होती. या वयातही ती गाडी अशी चालवायची की रस्त्यावरच्या कोंबड्या लांबूनच वाट सोडायच्या. ब्लासिदा सहावा लॅपटॉप घेऊन घरी उतरली. दोघी ओव्हिएदोकडे निघाल्या.

मार्सियाना मशीनवर बसली होती. शाळेच्या गणवेशाच्या बाह्या शिवत होती. सुनिल्दाला बघून तिचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी विझला.

"प्रोफे, तुम्ही आलात म्हणजे काहीतरी वाईट."

सुनिल्दानं आडपडदा ठेवला नाही. काय झालं ते सांगितलं. लॅपटॉप मी आणले, पोपट मी बघितला आणि सोडून दिला, ब्लासिदानं सांगितलं ते मी उडवून लावलं, हेही सांगितलं.

मार्सियानानं बाही मशीनमधून सोडवली, दोरा दातानं तोडला.

"म्हणजे त्याला पत्ता कळलाय."

"माहीत नाही. कळला असेल."

"असेल." ती उभी राहिली. "दोन महिन्यांत मी पहिल्यांदा परवा रात्रभर झोपले, प्रोफे. पोरीची मैत्रीण झालीय शाळेत. ह्या बाई मला महिन्याअखेर कापड कापायला शिकवणार होत्या. आणि तुम्ही मला एका पोपटासाठी उठवताय. तेही असेल-नसेल म्हणून!"

"हो."

"तुम्ही म्हणाला होतात, इथे तो पोचणार नाही. मी तुमच्या शब्दावर आले होते."

"हो."

"नुसतं हो-हो काय करताय! काहीतरी बोला ना! भांडा माझ्याशी!"

न्या ओब्दुलियानं तोपर्यंत खाटेखालची पिशवी ओढून काढली होती आणि कपडे घड्या करायला बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "मार्सियाना, शिव्या गाडीत दे. रस्ता लांब आहे, पुरतील. पोरीची वह्या-पुस्तकं कुठे आहेत?"

गाडीत मार्सियानानं शिव्या दिल्या नाहीत. पेर्ला दोघींच्या मध्ये बसून आधी रडली, मग पेंगली. ऊन उतरायच्या आत त्या इताउग्वाला पोचल्या. तिथे न्या ओब्दुलियाच्या ओळखीच्या चर्चच्या दोन धर्मभगिनी एक वसतिगृह चालवत. खोली स्वच्छ होती, खिडकीला गज होते.

सुनिल्दा निघायला वळली तेव्हा मार्सियाना दारात येऊन उभी राहिली.

"प्रोफे, थांबा. ते कुलूप मला दाखवा."

"कुठलं?"

"पत्राच्या वरचं. त्याच्या आत कोणाचं नाव आहे ते कसं बघायचं? शिक्क्यांची यादी कुठे असते? धर्मभगिनींकडे संगणक आहे, मी विचारलं. आता पुढच्या वेळी तुम्ही चांगलं आहे म्हणालात म्हणून मी बसणार नाही. मी बघीन आणि मग बसेन."

सुनिल्दा परत आत गेली. धर्मभगिनींच्या जुन्या मशीनसमोर दोघी बसल्या. मार्सियानानं प्रत्येक पायरी स्वतः केली, माउस सुनिल्दाला हातात धरू दिला नाही. चुकली तेव्हा परत पहिल्यापासून केली. यादीतल्या एकेका नावावर बोट ठेवून ती विचारत होती, "हा कोण? हा का आहे? ह्याला कोणी आत घेतलं?" काहींची उत्तरं सुनिल्दालाही येत नव्हती. तसं तिनं सांगितलं. मार्सियानानं मान हलवली, पहिल्यांदाच जरा मऊपणे.

सेफेरिनो तिसऱ्या दिवशी ओव्हिएदोत आला. शिवणवाल्या बाईच्या दारात एक सडपातळ, गोड बोलणारा माणूस उभा होता. इंटरनेटची फुकट तपासणी करतोय म्हणाला. घरात किती माणसं, मागच्या खोलीत कोण राहतं, असं विचारत होता. बाई म्हणाली, मागच्या खोलीत कापडाचे तागे राहतात, बघायचेत का? त्यानं खरंच बघितले. मग गेला. बाईनं दाराच्या फटीतून त्याच्या गाडीचा नंबर शाईनं हातावर लिहून घेतला होता. सुनिल्दानं फायलीतला फोटो दाखवला तेव्हा तिनं एका दमात ओळखला.

जो पत्ता कोणालाच माहीत नव्हता तिथे तो पोचला कसा, हे त्याला न्यायाधीशांसमोर सांगता येईना. आधी म्हणाला अंदाज, मग म्हणाला योगायोग. मार्सियानाच्या जवळ जायला त्याला बंदी झाली, आणि त्याचे लॅपटॉप तपासाला गेले. पुढचं अजून चालू आहे.

सुनिल्दानं मार्सियानाला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे अडीच दिवस," मार्सियाना म्हणाली. "अडीच दिवस आधी आलात तुम्ही."

"हो."

"बरं. इथल्या संगणकात मी काल एक नाव काढून टाकलं. धर्मभगिनींना विचारून. त्यांनाही ठाऊक नव्हतं ते कुठून आलं." मागून पेर्लाची हाक ऐकू आली. "ठेवते प्रोफे. पोरगी आली."

आता सुनिल्दा शनिवारी सकाळी गावच्या रेडिओवर अर्धा तास बोलते. अर्धं ग्वारानीत, अर्धं स्पॅनिशमध्ये. नवं मशीन घेतलंत तर बरोबर फुकट काय काय आलंय ते आधी बघा, असं सांगते. त्यानंतर शिवणवर्गाच्या पाटीखाली लोक लॅपटॉप घेऊन येतात. ब्लासिदा त्यांना ओळीनं बसवते, आणि कोणी म्हणालं की माझ्या पानावर नको ते दिसतं, तर ती सुनिल्दाकडे बघत मोठ्यानं म्हणते, "ऐकलंस का गं, प्रोफे? काय दिसतं म्हणाले ते?"

सुनिल्दा चष्मा पुसते, खुर्ची पुढे ओढते आणि म्हणते, "दाखवा. पहिल्यापासून सांगा, मी ऐकतेय."